कसाऱ्यात काटा वर जातोय? हेड उघडायच्या आधी झाकण बघा

भाऊ, तुम्ही लिहिलंय की मुंबईहून नाशिकला परत येताना कसारा घाट चढला की टेंपरेचरचा काटा लालला टेकतो, इगतपुरीनंतर सपाटीला लागलं की आपोआप खाली येतो, कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची) जादा बाटली भरून वाहते आणि सकाळी बघावं तर रेडिएटरमध्ये कूलंट कमी. वर मेकॅनिक म्हणतोय थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरला सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकू, नाहीतर हेड (इंजिनाचा वरचा भाग) उघडावं लागेल. डिट्टो माझी केस आहे ही. म्हणून एवढं टाइप करतोय.

मी मेकॅनिक नाही हे आधीच सांगतो, गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं असेल तर मॅन्युअल खरं. फॅन लागतोय, बेल्ट ठीक आहे, खाली थेंब पडत नाहीत हे तुम्ही बघितलंच असेल असं धरतो.

थर्मोस्टॅट काढू देऊ नका. "आपल्याकडे गरम हवा, तो थंड देशांसाठी असतो" हे मी पण ऐकलंय, पंचवटीपासून सिडकोपर्यंत प्रत्येक गॅरेजवर ऐकलंय. तो साधारण ८२ ते ८८ अंशाला उघडतो आणि इंजिन त्याच्या कामाच्या तापमानाला ठेवतो. काढला की इंजिन थंड राहतं, कंप्युटरला वाटतं अजून तापलंच नाही, तो जास्त पेट्रोल सोडतो, अ‍ॅव्हरेज पडतं, ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं. आणि थंडीत निफाडला पारा ५-६ वर येतो ते कुठल्या देशात मोडतं? काही इंजिनांत तर थर्मोस्टॅटची मागची चकती बायपास बंद करते, ती नसली की गरम पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच गोल फिरतं, म्हणजे घाटात अजूनच तापणार. खराब असेल तर नवीन टाका, भोक रिकामं ठेवू नका.

आता झाकण. रेडिएटरचं झाकण हे नुसतं झाकण नाही, व्हॉल्व्ह आहे. त्याच्यावर ०.९ किंवा १.१ असा बारमधला (बार म्हणजे प्रेशरचं माप) आकडा असतो, तेवढं प्रेशर ते आत धरून ठेवतं. आपण नाशिकवाले समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास राहतो, इथे उघड्या पातेल्यात पाणी ९८ अंशालाच उकळतं. तेच १ बार प्रेशरखाली १२० पर्यंत उकळत नाही, कूलंट मिसळलेलं असेल तर अजून थोडं वर. झाकणाचं रबर गेलं की प्रेशर टिकत नाही, मग घाटात सेकंड गिअरवर ताण आला की पाणी लवकर उकळून बाटलीत फेकलं जातं. आणि झाकणाच्या मधोमध एक छोटा उलटा व्हॉल्व्ह असतो, इंजिन थंड होताना तो बाटलीतलं कूलंट परत आत ओढून घेतो. तो किंवा रबराची सील गेली की कूलंटऐवजी हवा आत जाते. म्हणून बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा. तुम्ही लिहिलंय ते हेच ना? (काही गाड्यांत प्रेशरचं झाकण बाटलीवरच असतं, तिकडे हा हिशोब थोडा बदलतो.)

ज्या वर्कशॉपने माझी वाट लावली त्याचं नाव घेत नाही. बोर्ड मोठा आहे, वेटिंग रूमला एसी आहे, चहा पण देतात. आधी थर्मोस्टॅट बदलला. पुढच्या घाटात काटा वर. मग वॉटर पंप. मग रेडिएटर काढून फ्लशिंगला. आणि ट्रायल कुठे घ्यायचे तर पाथर्डी फाट्यापर्यंत जाऊन परत, अहो सपाट रस्त्यावर माझी गाडी कधी तापलीच नव्हती! जॉब कार्डवर दरवेळी एकच ओळ, ओव्हरहीटिंग, चेक अँड रेक्टिफाय. जुने पार्ट मागितले तर स्क्रॅपला गेले. प्रेशर टेस्ट केली का विचारलं तर अ‍ॅडव्हायजर म्हणतो सर आम्ही रोज अशा गाड्या बघतो. शेवटी फोन आला, हेड गॅस्केट (हेड आणि खालच्या इंजिनामधली सील) गेलंय, हेड खोललंय. कशावरून गेलंय? तर "लक्षणं तीच आहेत सर."

हेड फेसिंगला (मशीनवर घासून सपाट करायला) पाठवणार होते, मी म्हटलं मी स्वतः घेऊन जातो. अंबडला एक म्हातारा लेथवाला आहे. त्याने डिझेलच्या फडक्याने हेड पुसलं, चिकटलेला काळा थर खरवडला, स्ट्रेट एज (एकदम सरळ पोलादी पट्टी) आधी लांबीत मग दोन्ही कर्णांत आडवी ठेवली आणि खालून ०.०५ मिलिमीटर जाडीचा फिलर पत्रा सरकवून बघितला. कुठेच शिरेना. मग ट्यूबलाइटकडे धरून मला वाकून बघायला लावलं, स्ट्रेट एजखालून उजेडाची रेघसुद्धा नाही. म्हणे हेड सरळ आहे, मशीनवर कशाला चढवू? पिशवीतलं जुनं गॅस्केट बघितलं, दोन सिलिंडरच्या मधली पट्टी कुठे जळलेली नाही. मग त्यानेच विचारलं, झाकण बदललंत का? गाडीचं झाकण बघितलं तर रबर इतकं कडक की नख दाबलं तरी उमटत नव्हतं, कडेला चीर. नवीन झाकण काही शे रुपयांचं, बाकीचं बिल चाळीस हजारांच्या घरात. आणि वर हेडचे जुनेच बोल्ट परत लावायला निघाले होते, कित्येक इंजिनांत ते ताणले जाणारे असतात, एकदा खोलले की नवीनच टाकायचे. भांडून नवीन मागवले.

म्हणून म्हणतो, हेडला हात लावायच्या आधी दोन टेस्ट मागा. एक, हातपंपाने सिस्टिममध्ये झाकणावरच्या आकड्याएवढी हवा भरायची आणि पंपावरचा काटा उतरतो का बघायचं, त्याच पंपावर झाकण पण वेगळं तपासतात. दुसरी ब्लॉक टेस्ट, रेडिएटरच्या तोंडावरची हवा निळ्या केमिकलमधून ओढायची, पेट्रोल इंजिनाचा जळका गॅस असेल तर ते पिवळं पडतं. पिवळं पडलं तर मग हेड खोला, मी काही बोलणार नाही. रीडिंग जॉब कार्डवर लिहून घ्या, जुने पार्ट डिकीत टाकायला सांगा. नाही ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण कागदावर काही नसेल तर तिकडे तरी काय सांगणार.

बोअरचं पाणी टाकू नका, क्षार बसतात. बॅटरीवालं डिस्टिल्ड पाणी आणि मॅन्युअलमधलं कूलंट. रंग बघून मिक्स करू नका, रंगाला काही नियम नाही. आणि घाटात काटा एकदम खाली पडला तर खुश होऊ नका, कूलंट संपून सेन्सर कोरडा पडला तरी काटा पडतो, लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा. गरम असताना झाकण उघडायचं नाही हे तुम्हाला सांगायला नको. टोइंगची सोय होईपर्यंत थोडं सरकावंच लागलं तर एसी बंद, हीटर फुल.

 

तर उद्या सकाळी गाडी पूर्ण थंड असताना स्टार्ट करून रेडिएटरचा वरचा पाइप दाबून बघा. एका मिनिटात, गरम व्हायच्या आधीच, टणक झाला तर मग गॅस्केटचा संशय खरा असू शकतो. मऊच राहिला तर झाकण बदला. झाकणावरचा आकडा आणि पाइपचं काय झालं ते इथे लिहा.