ओढ्याकाठचा शेरळ: ओळख आणि लागवड

प्रश्न: ओढ्याकाठी गुलाबी तुऱ्यांचं, लालसर देठांचं झुडूप आहे. ते शेरळ का? घरी टबात लावता येईल?

उत्तर: फुलांवर जाऊ नका, आधी सांधा बघा. पान फुटतं तिथे खोडाला कागदासारखी पातळ नळी गुंडाळलेली असते. शेरळाच्या नळीचा वरचा काठ सपाट, गुळगुळीत असतो. काठावर लांब ताठ केस असतील तर तो धाकटा शेरळ. त्याची फुलं बहुधा पांढरी. नळी जून झाली की फाटते, म्हणून शेंड्याकडची तपासा. शेरळाची पानं लांबट, टोकदार आणि दोन्ही बाजूंनी गुळगुळीत.

लावायला बी नको, फांदीच घ्या. निबर पण हिरव्या फांदीचे १५ ते २० सेंटिमीटरचे, तीन सांध्यांचे तुकडे करा, खालची पानं काढा आणि दोन सांधे चिखलात जातील असे तिरपे खोचा. मुळं सांध्यातूनच फुटतात. खालचे सांधे चिखलाच्या वर राहिले की कांडी कुजते, आणि बहुतेकांचं इथेच चुकतं.

छिद्र नसलेला रुंद टब, तळाला गाळाची माती, ऊन किमान पाच तास. सावलीत झाड नुसतं उंच होऊन लोळतं. पाणी मातीच्या वर उभं ठेवू नका, डास होतात. माती कायम चिखलट असली की पुरे. उन्हाळ्यात एक दिवस जरी वाळली तरी खालची पानं पिवळी पडतात.

फुलोरा सरला की वीतभर ठेवून छाटा. जमिनीत मोकळं मात्र लावू नका, लोळलेली फांदी प्रत्येक सांध्याला रुजते.