उणीदुणी म्हणजे काय गं आई?

लाडक्या मनूस,

काल व्हिडिओ कॉलवर तू आजीला दादाचं सांगायला लागलीस, ओला टॉवेल बेडवरच टाकतो, चार्जर घेतो आणि परत देत नाही, आणि मग गेल्या दिवाळीला त्याने तुझी शेवटची करंजी खाल्ली तेही निघालं, तेव्हा आजी म्हणाली, 'पुरे गं बाई, किती उणीदुणी काढशील!' तू मला अर्थ विचारलास, मी गाडी चालवत होते म्हणून 'छोट्या छोट्या चुका' एवढंच सांगितलं. ते माझ्या मनाला पटलं नाही म्हणून आज नीट लिहितेय.

यातलं उणं तुला रोज भेटतं. आज सकाळी टोरांटोचं टेम्परेचर उणे बारा होतं ना, तेच हे. मूळ संस्कृत शब्द 'ऊन', म्हणजे कमी (उन्हात खेळतेस ते ऊन वेगळं हं). उणीव त्यातूनच आली. आणि एकोणीस म्हणजे एक ऊन वीस, विसाला एक कमी! तू नेहमी अडखळतेस ते एकोणसाठ, एकोणसत्तर पण तसेच, साठ आठव आणि एक कमी कर की झालं, फक्त नव्व्याण्णव या रांगेत बसत नाही. शिऱ्याला साखर घालताना मी पाऊण वाटी म्हणते, तेव्हा तू आधी वाटी शिगोशीग भरतेस आणि मग चमच्याने वरची थोडी थोडी परत डब्यात टाकतेस, ते अगदी बरोबर आहे, पाऊण म्हणजे पाव ऊन, पूर्णाला पाव कमी.

दुणे तर पाढ्यातला, बे दुणे चार. म्हणजे दुप्पट. मला तर या जोडशब्दात उणं आहे ते दुप्पट करून सांगणं असंच ऐकू येतं.

आणि उणीदुणी आपण 'काढतो' म्हणतो बघ. जुन्या ट्रंकेतून एक साडी ओढली की तिच्यात अडकलेलं सगळंच बाहेर येतं तसं. टॉवेल कालचा होता, करंजी गेल्या दिवाळीची. आजीने तुला करंजीला अडवलं, टॉवेलला नाही. टॉवेलचं तू दादाला सरळ तोंडावर सांग, ते सांगायलाच हवं. करंजी राहू दे, यंदा तुझ्या मी वेगळ्या डब्यात ठेवीन.

तुझी आई