श्रद्धा डळमळते तेव्हा गुरूंचे आभार कसे मानावेत

साधना कोरडी पडली की नवा साधक बहुधा रोजची जप-ध्यानाची बैठक सोडतो, नाहीतर दुप्पट करतो. दोन्ही टाळा. रोज ४० मिनिटं बसत असाल तर १० करा, पण वेळ आणि जागा तीच ठेवा. जोर लावून वाढवलेली बैठक लवकरच मोडते आणि वर अपराधीपणाची भर पडते.

शंका गुरूंपासून लपवू नका. दाबून ठेवलेली शंका हळूहळू त्यांच्यावरच्या रागात बदलते; बिनसतं ते इथेच. भेटीआधी ती एका वाक्यात लिहून काढा. 'माझी श्रद्धा उडाली' यावर कोणी काय बोलणार? 'तीन आठवडे जप नुसता तोंडाने होतोय, मन भलतीकडेच असतं' यावर मात्र उत्तर मिळू शकतं. प्रश्न एकच न्या.

आभार मानायचे तर 'तुम्ही माझं आयुष्य बदललंत' एवढ्यावर थांबू नका. त्यांचं कोणतं सांगणं, कोणत्या प्रसंगी कामी आलं, त्यानंतर तुम्ही काय वेगळं केलंत ते चार-पाच ओळींत लिहा. अजून न पटलेलंही त्यातच येऊ द्या. शिकवणाऱ्याला स्तुतीपेक्षा त्याचाच उपयोग जास्त (स्तुती त्यांना रोजच मिळते).

मात्र ऐपतीबाहेरचे पैसे, घरच्यांशी बोलायला बंदी, गुपितं पाळायची सक्ती यांतलं काही दिसलं आणि त्याला 'श्रद्धेची परीक्षा' म्हटलं गेलं, तर निघा. तिथे शिकलेल्या चांगल्या गोष्टींबद्दलची कृतज्ञता बाहेर पडूनही ठेवता येते. आणि झोप-भूक दोन आठवडे बिघडलेली असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा.