तरुण दिसायचंय, पण कुणाला कळायला नको

‘वय ४९. केस किती कापू? कोणता रंग लावला तर चेहरा तरुण दिसेल, आणि तरी शिंगं मोडून वासरांत शिरल्यासारखं वाटणार नाही?’

असा प्रश्न घेऊन कुणी समुपदेशकाकडे जात असेल, हे पुष्कळांना खरं वाटत नाही. पण जातात. फक्त प्रश्न थेट येत नाही. झोप लागत नाही, चिडचिड होते, चार माणसांत जावंसं वाटत नाही, अशा तक्रारींच्या मागे लपून तो दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बाहेर येतो. आणि येताना सोबत ‘हसू नका हं’ घेऊन येतो. मी हसत नाही. पन्नाशीच्या आसपासच्या बायकांकडून हा विषय इतक्यांदा ऐकला आहे की एकीची गोष्ट, तिच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, इथे सांगते.

बाई एका कंपनीत हिशेबाच्या कामात. हुशार, वक्तशीर, बोलायला नेमक्या. कामाच्या ठिकाणी नवे, वयाने बरेच लहान वरिष्ठ आले होते आणि कुठल्याशा समारंभात सगळ्यांचा एकत्र फोटो निघाला. तो मोबाइलवर आला तेव्हा ‘ही कडेची थकलेली बाई कोण?’ असं त्यांना क्षणभर खरोखर वाटलं. त्या रात्रीपासून झोप गेली.

फोटोविषयी आधी सांगते, कारण तिथे अर्धा दिलासा लगेच देता येतो. आपण स्वतःला आयुष्यभर पाहतो ते आरशात, म्हणजे उलटं. भांग डावीकडचा उजवीकडे दिसतो, हसताना वर जाणारी भुवई दुसऱ्या बाजूला दिसते. अमेरिकेत १९७७ मध्ये झालेला एक छोटा प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यात बायकांना त्यांचाच फोटो सरळ आणि उलटा असा दोन्ही प्रकारे दाखवला, तर त्यांना जास्त करून आरशासारखा उलटा आवडला आणि त्यांच्या मैत्रिणींना सरळ. म्हणजे ज्या चेहऱ्याची सवय, तो बरा वाटतो. फोटोतली बाई परकी वाटली, याला वय हे एकच कारण नव्हतं. हे ऐकून त्या थोड्या सैलावल्या, पण लगेच म्हणाल्या, “ते ठीक आहे हो. पण केस तर वाईटच दिसतायत ना?”

दिसत होते. उगीच ‘छे, छान आहेत की’ म्हणण्यात अर्थ नव्हता. केस कमरेपर्यंत लांब, पण विरळ झालेले. रोज तोच घट्ट अंबाडा, मधोमध तोच भांग आणि रंग मिट्ट काळा.

या काळ्या रंगाची कथा वेगळीच निघाली. गेली कित्येक वर्षं दर तीन आठवड्यांनी, रात्री, बाथरूमचं दार लावून त्या कलप करायच्या. नवऱ्याला माहीत, मुलीला माहीत, पण घरात त्यावर कुणी अवाक्षर काढायचं नाही. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. त्यामुळे पंधरा-वीस दिवसांतच भांगात पांढरी रेघ उमटायची, आणि मग त्या आठवड्यातल्या मीटिंगा, मैत्रिणींच्या भेटी, प्रवास सगळं ‘मुळं दिसतायत’ या एका निकषावर ठरायचं. तिसऱ्या आठवड्यात आलेली दोन आमंत्रणं त्यांनी तब्येतीचं कारण सांगून टाळली होती. हे ऐकल्यावर माझे कान टवकारले. केस रंगवणं ही हौस. केसांमुळे दिनदर्शिका बदलायला लागली की ते हौसेपलीकडे गेलेलं असतं.

मी विचारलं, “तुम्हाला नेमकं काय हवंय?”

“दहा वर्षांनी लहान दिसायचंय. पण त्यासाठी काही केलंय हे कुणाला कळायला नको.”

या दोन वाक्यांतलं पहिलं अगदी साधं आहे. त्यावर प्रवचन द्यायचं मला काहीच कारण दिसत नाही. ‘वय स्वीकारा, पांढऱ्या केसांतच सौंदर्य आहे’ हे सल्ले बहुधा स्वतःचे केस अजून काळे असलेली माणसंच देतात. (मिशा नियमित काळ्या करणारे पुरुषही देतात, पण ते असो.) माझ्या अनुभवात त्रास दुसऱ्या वाक्यात असतो. बायकांना वय दिसण्याची भीती वाटते, त्याहून जास्त भीती प्रयत्न करताना पकडलं जाण्याची वाटते.

ही भीती जुनी आहे आणि तिच्यावर मोठे धंदे उभे राहिले आहेत. अमेरिकेत १९५६ साली क्लेरॉल कंपनीने घरी लावायचा केसांचा रंग बाजारात आणला, तेव्हाची गाजलेली जाहिरात याच गुपितावर बेतलेली होती: ही केस रंगवते की नाही, हे नक्की फक्त तिच्या केशकर्तनकारालाच ठाऊक. रंगापेक्षा ‘कळणार नाही’ हे आश्वासन विकलं गेलं, आणि खूप विकलं गेलं.

मी त्यांना पुढचा प्रश्न विचारला. कुणाला कळायला नको? कुणाला म्हणजे कुणाला?

बराच वेळ नाव सापडेना. वरिष्ठ? त्यांचं लक्षही नसेल. सहकारी? त्यातल्या निम्म्या स्वतः रंगवतात. शेवटी आठवलं ते तीस वर्षांपूर्वीचं. नात्यातल्या एका बाईंनी पन्नाशीत केस कापून खांद्यावर आणले, तेव्हा मोठी बहीण म्हणाली होती, “म्हातारचळ लागलाय.” आणि या स्वतः त्यावर पोट धरधरून हसल्या होत्या. त्या बाई आता नाहीत, बहीण तो प्रसंग विसरूनही गेली असेल. ज्या हसण्याला या इतकी वर्षं घाबरत होत्या, ते त्यांचं स्वतःचंच होतं.

टोरी हिगिन्स या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये मांडलेली एक विभागणी मला अशा वेळी उपयोगी पडते. आपण आहोत तसे, व्हावंसं वाटतं तसे, आणि असायला हवं असं मनावर बिंबलेलं तसे. हव्याशा रूपापासून दूर असलो की माणूस खिन्न होतो. ‘असायला हवं’पासून दूर असलो की धास्तावतो. बाईंना फोटो पाहून वाटलं ते पहिलं, आणि दर तीन आठवड्यांनी बाथरूमचं दार लावताना वाटायचं ते दुसरं. दोन्हींवरचा उपाय एकच असू शकत नाही, आणि त्या इतकी वर्षं एकाच बाटलीतून दोन्हींवर औषध शोधत होत्या.

पुढच्या भेटीपर्यंत एक छोटी गोष्ट करायला सांगितली. अंबाडा न घालता केस मोकळे, भांग बाजूला, आणि तसंच कामावर जायचं. निघण्यापूर्वी कागदावर अंदाज लिहायचा: किती जणांच्या लक्षात येईल? या मागेही एक प्रयोग आहे. कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा, बॅरी मॅनिलो या गायकाचा चेहरा छापलेला टी-शर्ट घालून खोलीभर मुलांसमोर पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं की जवळजवळ निम्म्या जणांच्या ते लक्षात आलं असेल. प्रत्यक्षात आलं होतं त्याच्याही निम्म्यांच्या. हे संशोधन २००० साली प्रसिद्ध झालं.

बाईंचा अंदाज होता ‘सगळ्यांच्या’. संध्याकाळपर्यंत एकीने विचारलं, “आज काही वेगळं आहे का?” आणि दुसरीने विचारलं, “चष्मा बदललास?”

एवढ्यावर सगळं सुटतं असं मात्र नाही, आणि कामाच्या ठिकाणची भीती अगदीच निराधार असते असं मी कुणाला सांगत नाही. २०२२ मध्ये कॅनडातल्या सीटीव्ही वाहिनीने लिसा लाफ्लाम या नावाजलेल्या वृत्तनिवेदिकेला ३५ वर्षांच्या सेवेनंतर निरोप दिला. त्याआधी महासाथीच्या काळात त्यांनी केस रंगवणं सोडलं होतं. कंपनीने हा व्यावसायिक निर्णय असल्याचं सांगितलं, पण बाईच्या वयाकडे आणि पांढऱ्या केसांकडे कसं पाहिलं जातं यावर देशभर वाद झाला. त्यामुळे कुणी ‘नोकरी आहे तोवर मी रंगवणार’ म्हणालं तर मी त्याला दुबळेपणा म्हणत नाही. फक्त एवढंच पाहते, की तो हिशेब डोळसपणे केलाय की नुसत्या धाकाने.

‘कळायला नको’ ही अट आम्ही बाजूला ठेवून पाहिली, आणि मग गंमत झाली. केसांचा प्रश्न सोपा होऊ लागला. कारण त्यांना वयस्कर दाखवणाऱ्या बहुतेक गोष्टी त्या अटीतूनच आलेल्या होत्या. बदल दिसू नये म्हणून लांबी तीच. कुणाला शंका येऊ नये म्हणून तरुणपणीचाच मिट्ट काळा. आणि तो काळा आहे म्हणून पांढरी रेघ इतकी ठसठशीत.

मी केसांतली जाणकार नाही. त्यांना म्हटलं, पार्लरमध्ये जा, पण त्या दिवशी काहीही करून घ्यायचं नाही, फक्त बोलून यायचं. मन अस्वस्थ असताना खुर्चीत बसलं की माणूस एक तर ‘थोडंसं ट्रिम करा’ म्हणतो नाही तर एकदम सगळं उडवून येतो. नटीचा फोटो न्यायचा असेल तर आपल्यासारख्या पोताचे केस असलेलीचा न्या, आणि नको असलेल्या दोन-तीन कटचे फोटोही न्या. ‘सॉफ्ट’ किंवा ‘यंग’ अशा शब्दांतून प्रत्येकाला वेगळं ऐकू येतं. केसांना सकाळी किती मिनिटं देणार आणि पार्लरला किती आठवड्यांनी येणार, हे आपणहून सांगा.

त्या जे ऐकून आल्या ते मला फार पटलं. रजोनिवृत्तीच्या आसपास इस्ट्रोजेन कमी होतं, केसाची जाडी घटते आणि वाढीचा काळही आखूड होतो. असे केस लांब ठेवले की स्वतःच्याच वजनाने टाळूला चिकटतात आणि भांग रुंद दिसतो. खांद्याच्या वर आणले, खाली काठ दाट ठेवला आणि भांग सरळ रेषेत न पाडता जरा बाजूला नेला, की तेच केस भरगच्च वाटतात. बारीक केसांना फार लेयर्स दिले तर टोकं आणखी विरळ होतात. सतत घट्ट बांधल्याने कपाळाजवळचे केस खेचले जाऊन मागे सरतात, तेव्हा अंबाडा सैल.

रंगाचं गणित त्यांना नवीन होतं. चेहऱ्याची कांती वयाबरोबर बदलते, ओठ आणि भुवयांचा रंग फिका होतो. त्याभोवती मिट्ट काळी चौकट आली की डोळ्यांखालची वर्तुळं आणि सुरकुत्या उठून दिसतात. म्हणून आपल्या मूळ रंगापेक्षा एक-दोन छटा हलका तपकिरी बहुतेकींना बरा. पण एकदा काळा रंग चढलेल्या केसांवर नुसता हलका रंग लावून केस हलके होत नाहीत. जुना रंग काढावा लागतो किंवा कापावा लागतो. म्हणजे कट आणि रंग हे दोन निर्णय नव्हतेच. लांबी कमी केली की काळ्याचा मोठा भाग आपोआप जाणार, उरलेल्यात बारीक हायलाइट्स, आणि नव्या वाढीवर हळूहळू फिका होत जाणारा डेमी-पर्मनंट रंग. तो पांढरे केस पूर्ण झाकत नाही, त्यांना मिसळून टाकतो, त्यामुळे मुळांची रेघ धारदार दिसत नाही.

एक गोष्ट मात्र मी स्वतः बजावली. बऱ्याच गडद रंगांत पीपीडी नावाचं रसायन असतं, आणि वर्षानुवर्षं काही न झालेल्या माणसालाही अचानक त्याची अ‍ॅलर्जी होऊ शकते. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या मिश्रणातही ते सापडतं. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून ४८ तास थांबायचं. खाज, सूज, पुरळ आलं तर तो रंग बंद. केस एकाएकी मूठ-मूठ गळत असतील तर पार्लर नव्हे, डॉक्टर. थायरॉइड, लोह यांच्या तपासण्या आणि गेल्या दोन-तीन महिन्यांतलं आजारपण किंवा मोठा धक्का आधी पाहायला हवा.

माझ्या क्षेत्रातलीही एक खूण सांगून ठेवते. दिवसातला तासाहून जास्त वेळ आरशात, किंवा आरसा टाळण्यात, किंवा इतरांना ‘खरंच सांग, वाईट दिसतंय ना?’ विचारण्यात जात असेल, आणि कितीही कट बदलले तरी समाधान टिकत नसेल, तर पुढचं पार्लर शोधण्याआधी मानसतज्ज्ञाला भेटावं. तो त्रास केसांचा नसतो आणि त्यावर उपचार आहेत.

बाईंचं तसं नव्हतं. त्यांनी केस एकदम खांद्यावर आणले नाहीत. आधी पाठीच्या मध्यापर्यंत, मग दोन महिन्यांनी खांद्याखाली, मग मानेपाशी. मला ही सावकाशी आवडली. कापलेले केस परत यायला वर्षाला जेमतेम १५ सेंटिमीटर एवढाच वेग असतो. मुलीने पहिल्याच दिवशी “आई, आधी का नाही केलंस?” म्हटलं, नवऱ्याच्या चार दिवस लक्षातच आलं नाही. मोठ्या बहिणीने मात्र बरोबर विचारलं, “काय गं, केस रंगवतेस?” यांनी म्हटलं, “वीस वर्षं रंगवतेय, ताई. आता पार्लरमध्ये रंगवते.” त्यावर बहीण गप्प झाली आणि थोड्या वेळाने पार्लरचा नंबर मागितला.

शेवटच्या भेटीत केसांचा विषय पाचेक मिनिटांत संपला. कपाळावर फ्रिंज घ्यावी का, असं त्यांच्या मनात घोळत होतं. म्हटलं, उन्हाळ्यात कपाळाला चिकटेल, तुमचं तुम्ही बघा. उरलेला वेळ आम्ही त्या नव्या वरिष्ठांकडे रखडलेल्या बढतीचा विषय कोणत्या शब्दांत काढायचा, याची तयारी करण्यात घालवला.