बाळासाठी झूलाघर (पाळणाघर) की घरी बाई, ठरवण्याआधी हे बघ

अगं, फी नंतर विचार, आधी वेळ जुळव. तू राहतेस सुदामानगरला, ऑफिस विजयनगरला, संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये किती वेळ जातो तुला माहितीच आहे, मग सहाला बंद होणारं झूलाघर कितीही स्वस्त असलं तरी काय कामाचं, रोज लेट चार्ज आणि जीव टांगणीला तो वेगळाच. ऑफिसजवळचंच बघ.

एचआरला नक्की विचार हं! 50 किंवा जास्त लोक कामाला असतील तर पाळणाघराची सोय कायद्यानेच करावी लागते, मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीपासून, आणि दिवसातून 4 वेळा बाळाला भेटायला जाता येतं. बऱ्याच जणी मागतच नाहीत, वाईट वाटतं.

घरी बाई ठेवलीस तर पगारासोबत दिवाळीचे पैसे आणि ती आली नाही की तुझी रजा, हेही धर. सासूबाई हो म्हणाल्या तरी रांगतं मूल दिवसभर त्यांच्यावर नको टाकूस, अर्धा दिवस ठीक आहे. आणि हा खर्च एकट्या तुझ्या पगारातून वजा करत बसू नकोस गं, मूल दोघांचं आहे.

रुजू व्हायच्या दोन आठवडे आधीपासून थोडा थोडा वेळ सोडायला लाग, सुरुवातीला सर्दी-ताप होतोच, तेवढी रजा शिल्लक ठेव.