साखरपुड्याचा फोटोग्राफर : बुकिंगपूर्वी काय विचारावे?

तुळशीचे लग्न जवळ आले की साखरपुड्याच्या फोटोंविषयीची पत्रे वाढू लागतात. शंका दरवर्षी त्याच असल्यामुळे या वेळी काही पत्रांना एकत्रच उत्तरे देत आहे.

प्रश्न : मुलीचा साखरपुडा घरच्या घरी, चाळीस माणसांत करणार आहोत. दोन फोटोग्राफर घ्यावेत का? (कोथरूड)

नाही. एकच घ्यावा, पण चांगला घ्यावा.

प्रश्न : आमचे मामा म्हणतात की चाळीस मेगापिक्सेलच्या खालचा कॅमेरा असेल तर फोटोग्राफर ठरवूच नये. हे खरे का? (सहकारनगर)

नाही. 24 मेगापिक्सेलचा फोटो इंचाला 300 ठिपके या हिशेबानेसुद्धा सुमारे 20 बाय 13 इंच आकारात उत्तम छापता येतो. मामांना माझा नमस्कार सांगावा.

प्रश्न : एका फोटोग्राफरचे इन्स्टाग्रामवरील फोटो फार सुंदर आहेत. तेवढ्यावर ठरवून टाकू का? (बाणेर)

तेवढ्यावर ठरवू नये. तिथे दिसणारे तीस फोटो हे तीस वेगवेगळ्या समारंभांतील एकेक सुदैवी क्षण असू शकतात. आपण त्यांच्याकडे एक अख्खा साखरपुडा पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत पाहायला मागावा, आणि तोही मंगल कार्यालयातला, मावळत्या उन्हात टेकडीवर काढलेला नव्हे. साखरेचा पुडा हातात देताना दोन्ही आयांचे चेहरे दिसतात की पाठी, कुंकू लावणाऱ्या हाताने मुलीचा चेहरा झाकला आहे का, हे त्यात पाहावे. मुलगी नवी साडी नेसायला आत गेली की बाहेर अर्धा तास मोकळा असतो; त्या वेळात फोटोग्राफरने आजी-आजोबांकडे कॅमेरा वळवला की तो मोबाइल बघत बसला, हेही अशा संपूर्ण संचातून समजते. व्यासपीठावर जांभळे-निळे दिवे लावण्याची जी टूम निघाली आहे, तिची छटा चेहऱ्यावर एकदा बसली की संगणकावर ती पूर्णपणे निघत नाही. म्हणून विधी चालू असेपर्यंत साधे पांढरे दिवे ठेवण्यास सजावटवाल्यांना सांगावे, आणि शक्य असल्यास फोटोग्राफरला सोबत नेऊन कार्यालय एकदा पाहून घ्यावे. पाहिलेले फोटो ज्याने काढले आहेत तोच प्रत्यक्ष येणार आहे का, हेही विचारावे आणि त्याचे नाव करारात लिहून घ्यावे.

प्रश्न : साखरपुडा आणि लग्न एकत्र ठरवल्यास प्री-वेडिंग मोफत मिळणार आहे, पण अ‍ॅडव्हान्स आज रात्रीपर्यंतच द्यायचा आहे. काय करावे? (पिंपळे सौदागर)

आज रात्री शांतपणे झोपावे. मोफत दिलेल्या गोष्टीची किंमत दुसऱ्या कुठल्या तरी ओळीत मिळवलेली असते, त्यामुळे प्रत्येक बाबीचा दर वेगळा मागावा आणि 18 टक्के जीएसटी त्यात धरला आहे की वर लागणार आहे, हे स्पष्ट करून घ्यावे. ‘अमर्यादित फोटो’ या शब्दांना काहीही अर्थ नाही. दुरुस्ती करून किती फोटो मिळणार आणि अल्बमची पाने किती, एवढेच विचारावे. साखरपुड्याचे काम पाहिल्यानंतर लग्नाचे ठरवता येते, आणि दोन्ही घरांनी एकत्र बसून ठरवणे अधिक बरे.

प्रश्न : बहिणीचा साखरपुडा मे महिन्यात झाला. फोटोग्राफर आधी ‘एडिटिंग चालू आहे’ म्हणत होते, आता हार्ड डिस्क बिघडल्याचे सांगतात. ठरवताना आमचे काय चुकले? (सिंहगड रस्ता)

ही तक्रार इतक्यांदा येते की थोडे विस्ताराने लिहितो. आपण सारे फोटो कसे निघतील हे विचारतो. निघालेले फोटो त्या रात्री कुठे असतील, हे कोणीच विचारत नाही. सुमारे वीस वर्षांपूर्वी अंगठ्या घालतानाचे सगळे फोटो असलेले कार्ड मी रात्री कॉपी न करता तसेच ठेवले आणि सकाळी ते संगणकाला वाचताच आले नाही. सांगायला गेलो तेव्हा मुलीच्या आजीने आधी चहा पुढे केला, आणि तो चहा मला अजून आठवतो. तेव्हापासून मी दोन कार्डांवर एकाच वेळी नोंद करणारा कॅमेराच वापरतो, त्याच रात्री दोन वेगळ्या डिस्कवर प्रती करतो, तिसरी प्रत दुसऱ्या जागी ठेवतो, आणि या प्रती उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसत नाही. यात मोठेपणा नाही, ही या व्यवसायातील किमान शिस्त आहे. फोटोग्राफर ठरवताना यातील प्रत्येक गोष्ट तो करतो का, हे विचारावे. उत्तर देताना जो हसण्यावारी नेतो, त्याच्याकडून उठून यावे. शिवाय दुरुस्ती न केलेल्या सर्व फोटोंची प्रत आठ दिवसांत पेन ड्राइव्हवर मिळेल आणि शेवटचा हप्ता अल्बम हाती आल्यावरच दिला जाईल, अशी कलमे करारात असावीत. आपल्या बाबतीत ती डिस्क घरगुती प्रयोग न करता माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे लगेच नेण्याचा आग्रह धरावा, कार्डे अजून पुसलेली नसतील तर तीही द्यायला सांगावीत, आणि दाद मिळत नसल्यास ग्राहक कायद्याच्या जाणकार वकिलाला भेटावे. मे महिन्यापासून वाट पाहिली; आता आणखी थांबू नये.

प्रश्न : पाताळेश्वर किंवा शनिवारवाड्यात फोटो काढू शकतो का? ड्रोनही हवा आहे. (नारायण पेठ)

दोन्ही वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. ट्रायपॉड आणि व्यावसायिक चित्रणासाठी आधी परवानगी घ्यावी लागते. ‘आम्ही नेहमी काढतो’ हे फोटोग्राफरचे वाक्य म्हणजे परवानगी नव्हे. लोहगावला हवाई दलाचा तळ असलेल्या शहरात ड्रोनची हौस जपूनच करावी. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार ते क्षेत्र डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर तपासल्याखेरीज आणि चालवणाऱ्याची कागदपत्रे पाहिल्याखेरीज होकार देऊ नये.

प्रश्न : फोटोंवर हक्क कोणाचा? आम्हाला न विचारता ते जाहिरातीत टाकले तर? (औंध)

1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या फोटोंचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काढवून घेणारा असतो. नेमका तो ‘उलट करार’ पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेला असतो. तो वाचावा, जाहिरातीस संमती नसल्याचे लिहून द्यावे, आणि सही करण्यापूर्वी कागद वकिलाला दाखवावा.

प्रश्न : मुहूर्त बारा दिवसांवर आला आहे आणि अजून कोणीच ठरलेले नाही. कोणाला घ्यावे? (हडपसर)

उद्या सकाळी मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकांना फोन करून त्या हॉलमध्ये अलीकडे काम केलेल्या दोघा-तिघांची नावे घ्यावीत आणि संध्याकाळपर्यंत त्यांचे पूर्ण संच पाहून घ्यावेत. घाई असली तरी करार लेखीच करावा.