राडारोड्यातला इंग्रजी अंमल: वाचकांची प्रश्नोत्तरे

धुळ्यात आमचा जुना वाडा पाडला. पाया खणताना सहा फुटांत राख, खापरं, बांगड्यांचे तुकडे आणि एक फुटकी निळी बशी निघाली. आजी म्हणते, "तठे काय शे?" खरंच काही असतं का त्यात?

आजींना सांगा, त्यांच्या आजेसासूचं स्वयंपाकघर शे तठे! खानदेशात उत्खनन म्हटलं की लोकांना प्रकाशे आठवतं, बहाळ आठवतं, म्हणजे ताम्रपाषाणयुग, तांब्याच्या आणि दगडाच्या हत्यारांचा काळ. दीडशे वर्षांपूर्वीच्या मातीला आपण 'भर' म्हणतो आणि ट्रॅक्टरमध्ये घालतो. पण १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आल्यावर इथल्या घरात नेमकं काय बदललं, हे त्या भरातच दिसतं. कलेक्टर कचेरीच्या दफ्तरात शेतसाऱ्याचा हिशेब मिळेल, आमटी कशात शिजायची ते मिळणार नाही.

खड्डा अजून उघडा असेल तर एक करा. त्याची एक भिंत थापीनं सरळ तासून घ्या, थोडं पाणी मारा आणि उन्हं तिरपी असताना बघा. पट्टे दिसतील. गोवरीची राख भुरकी, मऊ असते. दगडी कोळशाची राख काळपट, तिच्यात काचेसारखे खडे. हा कोळसा आपल्याकडे रेल्वेच्या मागोमाग आला, त्यामुळे तो पट्टा सापडला की त्याच्यावरचं सगळं साधारण रेल्वेनंतरचं. पातळ, वाकडी काच मिळाली तर ती बहुधा कंदिलाची किंवा चिमणीची. म्हणजे घरात रॉकेल आलं होतं. बांगडीचा तुकडा फेकू नका. त्याच्या वळणावरून बांगडीचा घेर काढता येतो आणि ती लेकीची की आईची, याचा अंदाज बांधता येतो. जाडी सगळीकडे सारखी, घोटीव असेल तर ती बाहेरून आलेली असू शकते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाहून, पुढे जपानहून मुंबई बंदरात बांगड्यांच्या पेट्या उतरत.

आता ती निळी बशी. सगळ्यांना तीच आवडते, म्हणून लोक ती उचलतात आणि बाकीचं टाकतात. मला बघायला मिळालेल्या खड्ड्यांत अशी विलायती खापरं मोजकीच होती. ढीग असतो तो कुंभाराच्या मडक्यांचा, बुडाला काजळी धरलेल्या तवल्यांचा. झेंडा बदलला तरी चूल तशीच राहिली. मात्र यात एक मेख आहे: तांब्यापितळेची भांडी कचऱ्यात जवळजवळ येतच नाहीत. फुटकी घागर मोडीत जाते, वितळते, पुन्हा घागर होते. त्यामुळे नुसती खापरं बघून घर गरीब होतं असं ठरवू नका.

नदीकाठच्या वस्तीत असाल तर गाळाचा पट्टाही शोधा. १८७२ च्या पुरात पांझरेनं धुळ्याची मोठी हानी केली होती. तसा गाळ दिसला म्हणून तो त्याच पुराचा असेल असं मात्र नाही. पांझरा काही एकदाच फुगलेली नाही. गाळाच्या वर आणि खाली काय निघतं, त्यावरून ठरवायचं.

धुळ्याच्या सरळ गल्ल्या सर विश्वेश्वरय्यांनी आखल्या ना?

नाही. विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये सहाय्यक अभियंता म्हणून इकडे आले आणि दातर्तीजवळ पांझरेवर पाण्याचा सायफन, म्हणजे पाणी नदीपलीकडे नेणारा नळ, बसवण्याचं काम त्यांनी केलं. सरळ गल्ल्यांचं नवं धुळं त्याच्या कितीतरी आधीचं. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने १८१९ पासून ते वसवायला घेतलं, सवलती देऊन व्यापारी बोलावले. जुनं धुळं आणि हे नवं धुळं यांतला फरक आजही पायी चालताना कळतो.

भुसावळला रेल्वे क्वार्टर्समागे गळ्यात गोटी असलेली बाटली सापडली. किती जुनी असेल?

ही कॉड बाटली, आपली गोटी सोडा. हायरम कॉड या इंग्रजाचं हे पेटंट १८७० च्या दशकातलं, म्हणजे त्याआधीची नक्की नाही. पण ती अजूनही वापरात आहे, तेव्हा तुमची बाटली आजोबांच्या काळातलीही असू शकते. जोड बघा. साच्याची रेघ तोंडापर्यंत गेली नसेल, तोंड वेगळं हातानं बसवलेलं असेल, तर जुनी असण्याची शक्यता जास्त. 'जी.आय.पी.' (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) अक्षरांचं बटण किंवा कुलूप मिळालं तर ते १९५१ च्या आधीचं मानायला हरकत नाही. त्या वर्षी ती रेल्वे मध्य रेल्वेत गेली.

एका वस्तूवरून थराचं वय मात्र सांगू नका. मी एकदा अशाच बाटलीवरून मोठ्या रुबाबात '१८९०' सांगितलं. मजुरानं तिच्या खालून प्लॅस्टिकचा कंगवा काढून हातात दिला. उंदराचं बीळ होतं!

चोपड्याच्या आमच्या घराच्या कौलांवर १८६५ लिहिलंय. घर तेवढं जुनं?

नाही. १८६५ हे बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचा मंगळूरचा कौलांचा कारखाना सुरू झाल्याचं साल. कौल पुढे कितीही वर्षांनी बनलेलं असू शकतं. मंगळूरहून मुंबईपर्यंत जहाजानं आणि पुढे रेल्वेनं ही कौलं आली, तेव्हा कुठे धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घरांच्या मुलखात उतरती छपरं वाढली. रुपयाचंही तसंच: १८६२ साल घातलेले रुपये पुढे बरीच वर्षं पाडले जात होते.

अमळनेरजवळ शेतात नाण्यांचं मडकं निघालं. कुणाला सांगायचं? घेऊन टाकतील का?

जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. १८७८ चा निखात निधी (म्हणजे पुरलेल्या ठेव्याचा) कायदा अजून चालू आहे आणि दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा कळवणं बंधनकारक आहे. मालक कुणी निघाला नाही आणि वेगळा करार नसला, तर शोधणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक हिस्सा, अशी वाटणी त्यातच आहे. सरकारला ठेवा हवा असेल तर ते किमतीवर पाचवा हिस्सा जादा देऊन घेतं. लपवलात तर हिस्साही जातो आणि शिक्षाही होते.

मडकं फोडू नका, आतली माती झाडू नका. नाणी कोणत्या क्रमानं रचली आहेत त्याचे फोटो काढा. आणि कृपा करून चिंचेनं घासू नका.